डिसेंबरातला सूर्यास्त आणि गच्चीवरचं टेबल

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच कळेल. नाशिकहून नागपूरला बदली होऊन तुम्हाला सहा महिने झालेत. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी यजमानांचा चाळिसावा वाढदिवस आहे. माणसं आठ. त्यांतल्या सासूबाई आणि एक मैत्रीण घेत नाहीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि भाचा २२ वर्षांचा आहे. सूर्य मावळताना हातात ग्लास असावा, एवढंच यजमानांचं मागणं. तुम्ही तीन रूफटॉप बार काढलेत: एक रामदासपेठेत, एक सदरला, एक वर्धा रोडवर विमानतळाच्या अलीकडे. फोटो तिन्हींचे सारखेच, भावही उन्नीस-बीस. कुठलं घ्यावं?

मी याच शहरात अठरा वर्षं परमिट रूममध्ये काढली, आधी काउंटरमागे, मग मॅनेजर म्हणून, आणि त्यातली सात वर्षं गच्चीवर. आता नव्या जागा उभ्या करणाऱ्यांना सल्ला देतो. त्यामुळे कुठल्याच जागेचं नाव घेणार नाही. काहींशी माझा व्यवहार आहे. शिवाय गच्चीवरच्या बारचं असं असतं की दोन उन्हाळ्यांत मालक, मॅनेजर, आचारी सगळे बदलतात आणि पाटी तीच राहते. पण तुमच्या तिन्ही जागा घरबसल्या अर्ध्या पारखता येतात, उरलेल्या अर्ध्यासाठी एक चक्कर मारावी लागेल.

पहिला फोन करा आणि भाव, मेन्यू, फुगे काही न विचारता एकच विचारा: गच्चीवर सर्व्हिस किती वाजता सुरू होते? बऱ्याच ठिकाणी उत्तर येईल सहा, कुठे सात. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरात सूर्य मावळतो ५:३२ ते ५:३४ ला. म्हणजे पोरगा टेबलं पुसत असताना तुमचा कार्यक्रम आटोपलेला असेल. तुम्ही नाशिकच्या, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नाशिक आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला. तिथे सूर्य वीस-पंचवीस मिनिटं उशिरा मावळतो आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. पुण्या-मुंबईची माणसं पहिल्या हिवाळ्यात इथे हमखास फसतात. सहाला ऐटीत येतात आणि अंधारात फोटो काढत बसतात.

वर्षभराचा हिशेब सांगून ठेवतो, पुढेही कामी येईल. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य साडेपाचला जातो, तो वर्षातला सगळ्यात लवकरचा. सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला तरी मावळायची वेळ तोवर पुढे सरकू लागलेली असते. संक्रांतीला ५:५२ होतात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ६:२५, मेच्या मध्याला पावणेसात, जुलैच्या सुरुवातीला बरोब्बर सात.

तेव्हा फोनवरचा दुसरा प्रश्न: पावणेपाचला गच्ची उघडून द्याल का? यात परवान्याची अडचण नसते, परमिट रूम दुपारीही चालू असते. अडचण माणसांची असते. दुपारची पाळी आटोपली की पोरं जेवतात, तासभर आडवी होतात, संध्याकाळची पाळी सहाला उभी राहते. आठ जणांचं बुकिंग आणि थोडे पैसे आगाऊ दिले की मॅनेजर दोघांना लवकर वर पाठवतो. त्याचं उत्तर नीट ऐका. ‘बघू ना मॅडम, होऊन जाईल’ म्हणाला तर नाही समजा. ‘दोन पोरं आणि एक बारवाला साडेचारला वर असतील’ असं म्हणाला तर हो.

आता दिशा. ‘वेस्ट फेसिंग’ म्हणून प्रत्येकजण विकतो. पण सूर्य नेमका पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विशी-बाविशीला. नागपूरच्या अक्षांशावर डिसेंबरात तो पश्चिमेपासून २५ अंश दक्षिणेकडे कललेला असतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. पन्नास अंशांचा फेर झाला की नाही! हात सरळ पुढे ताणून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते; म्हणजे क्षितिजावर पाच मुठींचं अंतर. फोनमधलं होकायंत्र उघडलं तर डिसेंबरात २४५ च्या आसपास बघायचं, मार्चमध्ये २७०, जूनमध्ये २९५.

हे मी पुस्तकात शिकलो नाही. मी सांभाळत होतो त्या गच्चीचा जानेवारीत एक झकास फोटो निघाला होता, कोपऱ्यातल्या टेबलामागे लालबुंद गोळा. एका जोडप्याने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तेच टेबल मागितलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी. मी छाती ठोकून दिलं. सात वाजत आले आणि सूर्य शेजारच्या इमारतीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीमागे गेला. काका उठले, कठड्यावरून मान काढून बघायला लागले. आमचा वेटर भंडाऱ्याकडचा, सरळ माणूस. म्हणाला, ‘काका, सूर्य तर तिकडून जाऊन राहिला.’ काकू हसल्या, काका नाही. मी बिल निम्मं केलं. दुसऱ्या दिवसापासून दर महिन्याच्या पंधरा तारखेला कठड्यावर ऑइल पेंटने खूण करायला लागलो, सूर्य कुठे टेकला त्याची. वर्षाअखेर खुणांची रांग झाली. जूनची आणि डिसेंबरची इतकी दूर की मधे चार टेबलं मावत.

तुम्हाला खुणा नकोत, एक चक्कर पुरे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा डिसेंबरच्या पहिल्या चार दिवसांत पाचच्या सुमारास जाऊन बघा. तेव्हाची जागा आणि तुमच्या शनिवारची जागा यांत दोन-चार अंशांचाच फरक असेल. उभं राहून बघू नका, खुर्चीत बसा. बसल्यावर माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच असतात आणि पक्क्या बांधकामाचा कठडाही जवळपास तेवढाच असतो. म्हणजे उभ्याने दिसणारं क्षितिज बसलं की गायब. बैठे सोफे तर आणखी खाली. फोटोत सोफे फार छान दिसतात, पण त्यांच्यावरून दिसते ती भिंत. काचेचा कठडा किंवा उंच स्टूलवालं टेबल असेल तर प्रश्न मिटतो, पण सासूबाईंना उंच स्टूल नको. त्यांच्यासाठी काचेच्या कठड्यालगतची साधी पाठीची खुर्ची मागा.

आणखी एक खोच. फोनवर दिसणारी सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. समोर इमारतींची ओळ चार अंश वर आली असेल, म्हणजे अर्ध्या मुठीलाही कमी, तरी सूर्य अठरा-वीस मिनिटं आधी जातो. त्यात डिसेंबरात धूर-धूळ जमिनीलगत बसते. कित्येकदा तो बुडतच नाही, तांबडा होत होत वरच्या वर विरून जातो. म्हणून सव्वापाचला सूर्य गेला असं धरून चाला. तो समोरच्या इमारतींच्या एक मूठ वर असेल तेव्हा पाऊण तास हातात आहे. तेवढ्यात बसून, पहिली ऑर्डर देऊन मोकळं व्हायचं. आणि गेला म्हणून लगेच मान खाली घालून मेन्यू उघडू नका. खरा रंग त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत चढतो, आधी केशरी, मग कुसुंबी, मग तो जांभळट निळा. या अक्षांशावर संधिप्रकाश पाऊण तास रेंगाळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास.

आता तुमच्या जागा. रामदासपेठेतून डिसेंबरचा सूर्य साधारण बजाजनगर-व्हीएनआयटीच्या (इथलं इंजिनिअरिंग कॉलेज) अंगाला उतरतो. व्हीएनआयटीचं आवार मोठं आणि झाडीचं आहे, ते चांगलं. पण मधे रामदासपेठेतल्याच हॉस्पिटलांच्या आणि नव्या टॉवरांच्या इमारती आहेत, आणि एकेका गल्लीने चित्र बदलतं. (ऑक्टोबरच्या मध्याला आणि फेब्रुवारीच्या शेवटी तिथून सूर्य अंबाझरीच्या दिशेला येतो. मधे काही उभं नसेल तर तलावाच्या वर तो उतरताना बघण्यासाठी मी स्वतः पैसे देऊन जाईन.) सदरहून नैऋत्येला सिव्हिल लाइन्स पडतं: बंगले, सरकारी आवारं, जुनी झाडं. उंच काही कमी, त्यामुळे चौथ्या-पाचव्या मजल्यावरची गच्चीही चालून जाते. हिरव्या गालिच्यावर सूर्य टेकतो तसं दिसतं. मला व्यक्तिशः हेच आवडतं, पण हे माझं जुनं प्रेम आहे, त्यात फार जाऊ नका.

वर्धा रोडचं गणित वेगळं. तिथे पश्चिमेला आणि नैऋत्येला विमानतळाची मोकळी जमीन आहे, धावपट्टी आहे, आणि विमानतळाजवळ इमारतींच्या उंचीवर बंधन असतं. म्हणजे डिसेंबरच्या सूर्यासाठी शहरात सगळ्यात उघडं क्षितिज या पट्ट्यात मिळू शकतं, वर एखादं विमान उतरताना दिसलं तर भाचा खूश. पण एक पाचर आहे. याच रस्त्यावर तो दुमजली पूल आहे, खाली महामार्ग, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो, ३.१४ किलोमीटर लांब, गिनीज बुकात नोंद झालेला. तुमचा बार रस्त्याच्या पूर्व बाजूला असेल आणि गच्ची पाचव्या मजल्याखाली असेल तर सूर्याच्या जागी मेट्रोचे डबे दिसतील. रस्त्याच्या पश्चिम बाजूला असेल, किंवा पूर्वेला पण आठव्या-नवव्या मजल्यावर असेल, तर बेलाशक घ्या. फोनवर हेच विचारा: रस्त्याच्या कुठल्या हाताला, कितव्या मजल्यावर.

उंचीवरून आठवलं. उंच म्हणजे चांगलं असा समज आहे, तो अर्धाच खरा. वारा, थंडी आणि लिफ्टची वाट मजल्यागणिक वाढते. आणि लिफ्ट! बऱ्याच इमारतींत लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, गच्चीवर एक जिना चढून जावं लागतं, कधी लोखंडी, कधी बिनकठड्याचा. गुडघेदुखीच्या माणसाला चढताना नाही तेवढा त्रास उतरताना होतो, तोही रात्री. ‘लिफ्ट थेट गच्चीवर उघडते का, आणि बाथरूम त्याच पातळीवर आहे का’ हे दोन्ही विचारा. यातला दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मॅनेजर आधी दचकतो.

चकरेत जिने मोजा. वर यायला एकच वाट आणि वर बांबू-ताडपत्री-कापडाचं छत, असं असेल तर मी तरी सासूबाईंना घेऊन बसणार नाही. २०१७ च्या डिसेंबरअखेर मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या आगीत १४ माणसं गेली. तेव्हापासून मी कुठल्याही गच्चीवर पाय ठेवला की आधी दुसरा जिना शोधतो, मग ताट-वाटी बघतो. तो जिना आहे पण तिथे बिअरचे क्रेट रचलेत, हे ‘नाही’सारखंच. वर गॅसचे हीटर लावत असतील तर ते कापडापासून किती लांब आहेत तेही बघा.

थंडीचं म्हणाल तर नागपूरकर उन्हाळ्याच्या गप्पा मारतात आणि हिवाळा विसरतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता. एरवीही डिसेंबरात हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे सूर्य गेला की तासाभरात हुडहुडी भरते. पाच वाजता अर्ध्या बाह्यांत आलेली माणसं साडेसहाला ‘आत बसू या का’ म्हणतात. म्हणून बुकिंग करतानाच ठरवून टाका: साडेसहापर्यंत गच्ची, मग खालच्या मजल्यावर जेवण, टेबल आधीच राखून. ज्या जागेला आत बसायची सोय नाही ती डिसेंबरसाठी बाद.

उन्हाळ्याचंही सांगून टाकतो, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी मे महिन्यात असाच बेत काढेल. २०१३ च्या मेमध्ये इथे ४७.९ नोंदले गेलेत. (२०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले तेव्हा देशभर आमची चर्चा झाली, नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आम्हाला खरं वाटलं होतं, हे विशेष.) सूर्य पावणेसातला जातो, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत तव्यासारखा उष्णता सोडत राहतो. नवतप्यात (मेअखेरचे ते सर्वांत तापलेले नऊ दिवस) गच्चीवर दारू म्हणजे अंगातलं पाणी दोन्ही बाजूंनी उपसणं. त्यातून दुपारनंतर वावटळ उठली तर छत्र्या उडतात. एकदा आमची एक छत्री दोन इमारती पलीकडे जाऊन पडली, नशिबाने रिकाम्या गच्चीवर. वीज कडाडू लागली की मात्र छत्री-बित्री सोडा, सगळ्यांनी खाली यायचं. ऑक्टोबर सर्वांत देखणा, पावसाने धुतलेली हवा, ढगांचे पुंजके, पण त्याच दिवसांत धानाच्या बांधीतले हिरवे तुडतुडे दिव्यांवर झेपावतात आणि ग्लासात पडतात. त्याला इलाज नाही. दिवे मंद ठेवायचे आणि ग्लासावर कोस्टर.

बारच्या आतल्या गोष्टींत एकच प्रश्न मोलाचा: बार वर आहे की खाली? अनेक गच्च्यांवर नुसतंच सजवलेलं काउंटर असतं. खरी बाटली, खरा बर्फ चार मजले खाली. ऑर्डर खाली जाते, ट्रे लिफ्टची वाट बघतो, आणि सूर्य कुणासाठी थांबत नाही. खाली असेल तर पहिला राउंड आल्या आल्या सांगून टाका, आणि दुसराही त्याच वेळी सांगा, वीस मिनिटांनी आणायला. वर असेल तर बर्फ बघा. मोठे, घट्ट, काचेसारखे खडे असले तर बार चालवणाऱ्याला काम कळतं. भुसभुशीत, पोकळ बर्फ पाच मिनिटांत पाणी होतो आणि यजमान म्हणतात दारू पातळ आहे. पेग समोर मापाने घालून द्यायला सांगणं हा तुमचा हक्क आहे, ३० मिलीचा लहान, ६० चा मोठा. बाटली टेबलापाशी आणून ओता म्हटलं की बऱ्याच शंका तिथेच संपतात. चांगल्या जागेत याचा कुणी राग धरत नाही.

काय प्यावं हे मी सांगायला नको, पण नागपुरात डिसेंबरात येऊन बाटलीबंद संत्र्याचा रस प्यायला तर मात्र मी बोलेन. हा आंबिया बहाराचा हंगाम, कळमन्याच्या मार्केटात ढीग लागलेले असतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्याचा रस म्हणजे लहरी कारभार. पिळल्यावर गोड लागतो आणि ठेवला की कडवट होत जातो, कारण फोडीच्या पडद्यातलं आणि बियांतलं द्रव्य आंबट रसात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतं. म्हणून सकाळी पिळून फ्रीजमध्ये ठेवलेला रस संध्याकाळी वाया. ‘टेबलावर यायच्या आधी पिळणार का’ हे विचारा. हो म्हणाले तर सासूबाईंना आणि मैत्रिणीला तोच द्या, चिमूटभर काळं मीठ घालून, उंच ग्लासात, इतरांसारख्याच थाटात. घेणारे जिनमध्ये घालतील. व्हिस्कीत नको, दोन्हींचा अपमान. मॉकटेलच्या नावाखाली निळं-हिरवं सिरप आणि सोडा दीडपट भावात देतात, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. तुम्ही नाशिकच्या म्हणून वाइन मागवाल, तर उभी ठेवलेली, दिव्याखाली शेल्फावर मिरवणारी बाटली घेऊ नका. एप्रिल-मे तिने त्याच शेल्फावर काढले असतील.

खायला तळलेलं आणि लगेच संपणारं मागवा. सांबारवडी मिळाली तर सोडू नका (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, एव्हाना कळलंच असेल). सावजी रस्सा गच्चीवर नको. थंडीत वरचा तेलाचा थर गोठतो, आणि दारूबरोबर तो मसाला दुसऱ्या दिवशी हिशेब मागतो. सावजी खायचं तर खाली, आत, गरम भाकरीशी.

भाच्याचं बघा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी सगळ्यासाठी २५. तेव्हा २२ वर्षांच्या मुलाला बिअर चालेल, मामांच्या व्हिस्कीतला घोट नाही. चांगली जागा ओळखपत्र मागते. मागितलं तर चिडू नका. बिलाचं थोडक्यात: दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, खाण्यावर जीएसटी असतो, सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर, तो काढायला सांगता येतो. ‘मिनिमम बिल’ किती आणि त्यात कर धरलेत की नाही, एवढं मेसेजवर लिहून घ्या.

तारखेत मात्र एक मेख आहे. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, १९५३ च्या नागपूर कराराने ठरलेली आमची वर्षाची जत्रा. साधारण दुसऱ्या आठवड्यात ते ऐन भरात असतं. आमदार, अधिकारी, पत्रकार, त्यांचे पाहुणे, मोर्चेकरी. हॉटेलं भरतात, सिव्हिल लाइन्स-सीताबर्डी-झिरो माइलच्या बाजूचे रस्ते वळवतात. शनिवारी कामकाज नसलं तरी माणसं शहरात असतातच आणि संध्याकाळी ती कुठेतरी बसतातच. सदरची जागा मला आवडते म्हणालो खरा, पण अधिवेशनाच्या आठवड्यात तिथवर पोचायला अर्धा तास जास्त धरावा लागेल, आणि तुमच्याकडे तोच अर्धा तास नाही. लग्नांचेही तेच दिवस. खाली लॉनवर डीजे असेल तर वरच्या गच्चीवर बोलणं ऐकू येत नाही. बुक करताना ‘त्या दिवशी खाली लग्न आहे का’ विचारा. उघड्यावरचे लाउडस्पीकर दहाला बंद करावे लागतात, पण तोवर तुम्ही घरी पोचलेल्या असाल.

परतीचं आधी ठरवा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शनिवारी रात्री नाकाबंदी असतेच. मैत्रीण घेत नाही म्हणून तिलाच ड्रायव्हर करू नका, वाढदिवस तिचाही आहे. वर्धा रोडला गेलात तर मेट्रो अगदी दारात आहे, नाहीतर दोन कॅब. वर्ध्याचे कुणी पाहुणे आठांत असतील तर उरलेली बाटली त्यांच्या पिशवीत घालू नका, त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे.

मग तिघांतली कुठली? माझा कौल वर्धा रोडला, जर ती रस्त्याच्या पश्चिम हाताला असेल किंवा पुलाच्या बरीच वर असेल, लिफ्ट गच्चीवर उघडत असेल आणि पावणेपाचला उघडून देत असतील. यांतलं एक जरी जमलं नाही तर रामदासपेठेत चक्कर मारून खुर्चीत बसून बघा. आणि तिन्हींकडून ‘सहाला या’ असंच उत्तर आलं तर बार हा विषय सूर्यापासून वेगळा काढा. पाचला सगळे फुटाळ्याला किंवा अंबाझरीला जा, काठावर चहा आणि भुट्टा घ्या, सूर्य तिथे फुकट आणि पाण्यात दोनदा दिसतो. सासूबाईंनाही तेच जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे. मग साडेसहाला बारमध्ये आतलं, उबेचं टेबल. यजमानांना ‘मावळताना हातात ग्लास’ हवा होता, तो चहाचा असेल. रागावले तर माझं नाव सांगा.

चकरेला जाल तेव्हा फोनमधलं होकायंत्र २४५ वर धरून एक फोटो काढा आणि इथे टाका, समोर कुठली इमारत येते ते बघून टेबल कुठलं मागायचं ते सांगतो.